जुन्या मोटारीच्या टपावर लाकडी कॅरिअर



लग्नसराईत आमच्या मुरुडच्या बाजारात एखादी जुनी फियाट टपावर गाद्या, वळकट्या लादून उभी दिसली, की चार माणसे अजूनही थांबून बघतात. ही गाडी आपल्याला परकी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तयार होऊ लागली. टॅक्सी होऊन ती टपावर लोखंडी कॅरिअर मिरवीत मुंबईभर धावली. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. काही घरांनी मात्र ही गाडी हौसेने सांभाळली आहे. अशांसाठी गावच्या सुताराकडून करून घेता येईल असे लाकडी कॅरिअर कसे बांधावे, ते आज सांगतो.

आधी माझी चूक सांगतो. वडिलांच्या 1971 च्या फियाटवर मी पावसाळ्यात ओल्या लाकडाचे कॅरिअर बसवले. वैशाखात लातूरच्या वाटेवर ते एका बाजूने सुटले आणि ट्रंक रस्त्यावर आदळली. मागून सायकलवर एक पोरगा येत होता. हातभर अंतराने वाचला! तेव्हापासून माझे एकच सांगणे आहे: कॅरिअर सामानासाठी असले, तरी ते बांधायचे मागच्या माणसाचा विचार करून.

लाकूड का सुटले? बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली होते, हे तुम्ही जाणताच. लाकूड वाळले की आकसते. लोखंड तसे आकसत नाही. म्हणून पुरते वाळलेले जुने सागवान घ्यावे. जुन्या वाड्याची फळी मिळाली तर उत्तमच. बाभूळ चिवट खरी, पण जड.

आता दुसरी गोष्ट. टपाचा पत्रा भार सोसण्यासाठी नसतो. मध्ये वजन पडले की तो चेपतो. पण जुन्या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. तिच्यावरचा भार खालच्या खांबांवर उतरतो. सगळे कॅरिअर त्या पन्हळीवरच उभे राहिले पाहिजे.

तीन आडवे दांडे घ्यावेत, दोन इंच रुंद आणि दीड इंच जाड. लांबी गाडीवरूनच मोजावी. प्रत्येक टोकाला लोहाराकडून पन्हळीला घट्ट धरणारी लोखंडी पकड बसवावी, म्हणजे सहा पकडी झाल्या. पकडीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. रंग खरवडत नाही, गंज चढत नाही. दांड्यांवर गाडीच्या लांबीने चार-चार फुटांच्या दहा पट्ट्या, दोन-दोन बोटे फट सोडून लावाव्यात. त्या फटींतून वारा निघून जातो. टप मध्ये फुगीर असतो, तिथेही पत्रा आणि लाकूड यांत दोन बोटे जागा राहिली पाहिजे. खिळे नकोत, ते धक्क्याने वर येतात. वायसर घालून नटबोल्टच लावावेत. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. हे तेल लाकडात मुरून वाळते आणि पाणी अडवते.

असे सागवानी कॅरिअर चौदा-पंधरा किलो भरते. कॅरिअर धरून एकूण भार 50 किलोंच्या आत, ही मर्यादा मी पाळतो. म्हणजे सामान पस्तीस किलो. गाद्या, वळकट्या वर. धान्याचे पोते खाली डिकीत. पोते वर चढवले की गाडी वळणावर कलते. शिक्षकबंधूंनी हे वर्गात दाखवावे: काडेपेटी फळीवर एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून फळी हळूहळू तिरपी करावी. उभी पेटी आधी पडते, कारण तिचे वजन उंचावर आहे.

वाऱ्याचेही गणित आहे बरं का! वेग ताशी 40 वरून 80 किलोमीटर केला, की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून सामान पुढून-मागून दोरांनी आवळावे आणि गाडी बेताने हाकावी. पहिल्या वीस किलोमीटरांवर थांबून नट तपासावेत. ऋतू पालटला की पुन्हा आवळावेत.

टपाला भोक मात्र एकही पाडू नये. तिथूनच गंज शिरतो. शिवाय 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंद होऊ शकते, पण तिच्या मूळ बांध्यात मोठे फेरफार चालत नाहीत. पकडीचे कॅरिअर हवे तेव्हा उतरवता येते. तरी बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. आणि टपावर माणूस? तो कधीच बसवू नये.

निघण्यापूर्वी कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. गाडी हलली आणि कॅरिअर जागचे हलले नाही, तर खुशाल निघा.