पावत्यांची चळत

नागपुरात सीताबर्डीच्या मोदी नंबर तीन या गल्लीतील एका जुन्या माडीवर, माझ्या वकील स्नेह्यांच्या बैठकीत मी बसलो असता, एक वृद्ध विधवा भाडेकरू घरमालकाची थकबाकीची नोटीस घेऊन आल्या. वकीलसाहेबांनी मजकुरापूर्वी पाकिटावरची तारीख पाहिली आणि "आजी, पावत्या आणल्यात?" एवढेच विचारले. बाईंनी सुतळीने बांधलेली चळत सतरंजीवर ठेवली.

पुढचे दोन तास त्या पावत्या महिन्यांच्या क्रमाने लावण्यात गेले. जुन्या पावत्या दिवंगत यजमानांच्या नावाच्या होत्या. मृत्युसमयी त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क येतो, म्हणून त्या पावत्यांची स्वतंत्र गड्डी झाली. अखेरच्या सात महिन्यांची पावती नव्हती. मात्र मालकांनी भाडे घेण्याचे थांबवल्यावर बाईंनी पाच महिने मनीऑर्डर केली होती, आणि 'घेण्यास नकार' हा टपालाचा शेरा घेऊन ती दरवेळी परत आली होती. भाडे देण्याची तयारी सिद्ध करणारा याहून सबळ पुरावा कोणता! उरलेल्या दोन महिन्यांचे भाडे उद्याच पाठवावे, असे ठरले.

विदर्भात १९४९ च्या घरभाडे नियंत्रण हुकुमाखाली, भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम अमलात आला, ती पायरी गेली आणि मालकास थेट लघुवाद न्यायालयाची वाट मोकळी झाली. तथापि थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस लोटल्याखेरीज दावा लावता येत नाही. आणि दावा लागल्यावरही, समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी द.सा.द.शे. १५ सरळव्याजाने व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढील भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून कब्जाचा हुकूम होत नाही. मालकाने स्वतःच्या निकडीचे कारण पुढे केले, तरी अधिक हालअपेष्टा कोणाच्या वाट्यास येतील हे न्यायाधीशांना तोलावे लागते.

"नळ तोडला तर?" बाईंनी हळूच विचारले. पाणी वा वीज अशी अत्यावश्यक सेवा न्याय्य कारणावाचून तोडण्यास कायद्याने मनाई आहे, हे ऐकून त्यांनी पदराने डोळे टिपले. इतक्या दिवसांची धास्ती बहुधा तीच असावी.

हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो खरा, पण गरिबाच्या घरी तो अशा जपून ठेवलेल्या कपट्यांतूनच वस्तीला येतो, ही जाणीव मला त्या सतरंजीवर झाली. नोटिशीचे उत्तर रजिस्टर टपालाने गेले. आठवड्याने त्याची पोचपावती आली, तेव्हा बाईंनी स्वतःच सुतळी सोडून ती चळतीच्या सर्वांत वर ठेवली.