भाड्याच्या घराला एक झाड

व्हर्जिनिया क्रीपर ही द्राक्षाच्या कुळातली वेल. तिचे नाजूक तणावे उजेडाकडे पाठ फिरवून अंधाऱ्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे वळतात. टोक भिंतीला टेकलं की साधारण दोन दिवसांत ते फुगतं, लालबुंद होतं आणि त्याची इवलीशी चकती तयार होते. ज्या तणाव्याला आधार मिळत नाही, तो आठवड्या-दोन आठवड्यांत सुकून गळून पडतो. ज्याला मिळतो, तो स्प्रिंगसारखे वेटोळे घेतो, जाड होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. चार्ल्स डार्विननं हे सगळं बारकाईनं टिपून ठेवलंय. निदान दहा वर्षं जुन्या तणाव्याच्या एकाच फाट्याला त्यानं वजन टांगून पाहिलं. दोन पौंड, म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम वजन लटकलं, तरी तो फाटा तुटला नाही!

अशा वेलीनं झाकलेल्या भिंतीवर ऊन फारसं पोचत नाही. उघडं काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती धग रात्री घरात सोडतं. पश्चिमेच्या खोलीत झोपणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात पानं बाष्पोत्सर्जन करतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि पानं ती आसपासच्या हवेतून व उन्हातून घेतात. मुंबईसारख्या दमट हवेत हे काम मंदावतं, पण सावली तेवढीच राहते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढेच आहे. एसी आपली खोली गार करतो आणि उष्णता गल्लीत फेकतो. ती सोसतो एसी न परवडणारा शेजारी. वेलीची सावली मात्र कुणाच्या दारात धग नेऊन टाकत नाही.

हिरवाईचा उपयोग मनालाही होतो. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधांचे जोरकस डोसही कमी लागले. समोर विटांची भिंत आहे की हिरवाई, एवढ्यानं हा फरक पडला.

मग ही हिरवाई कुणाच्या वाट्याला येते? २०१४ मध्ये मिलानमध्ये वास्तुविशारद स्तेफानो बोएरी यांचे ‘बॉस्को व्हर्तिकाले’ हे दोन मनोरे उभे राहिले. गच्च्यांवर सुमारे ८०० झाडं, आणि दोरांना लटकून त्यांची छाटणी करणारे माळी! सगळं जग थक्क झालं, पण ती घरं श्रीमंतांची. म्हणून मला बोएरी यांच्याच हातची दुसरी इमारत मोठी वाटते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात स्ट्राइप-एस हा फिलिप्स कंपनीचा जुना कारखाना परिसर आहे. एके काळी तिथं कामगारांखेरीज कुणाला प्रवेश नसे, म्हणून लोक त्याला ‘निषिद्ध नगरी’ म्हणत. तिथंच २०२१ मध्ये ट्रुडो या गृहनिर्माण संस्थेची १९ मजली इमारत पूर्ण झाली. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी १२५ घरं, प्रत्येक ५० चौरस मीटरहून लहान, तेव्हा भाड्याची मर्यादा होती महिना सुमारे ६०० युरो. आणि दर घरामागे गच्चीत एक झाड व वीसेक झुडपं. पहिल्या पगारावर जगणाऱ्या भाडेकरूच्या दारात झाड, तेही कितव्या तरी मजल्यावर! हे ठरवून केलं म्हणूनच झालं.

उंचावरच्या झाडांना मजबूत स्लॅब, ठिबक, देखभालीचा कायमचा खर्च, सगळंच लागतं. जमिनीतून चढणारी वेल त्यामानानं फार स्वस्त. तिला मातीचा वीतभर पट्टा आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाणी पुरतं. भिंतीला तडे किंवा ओल असेल तर मात्र आधी दुरुस्ती करून घ्यावी, किंवा वेल भिंतीपासून थोड्या अंतरावरच्या जाळीवर चढवावी.

तुमच्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक होईल, तेव्हा चटईक्षेत्र आणि पार्किंगबरोबर एवढंही विचारा: पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी माती राखणार आहात का? आराखड्यावर सही होण्याआधी विचारा, कारण एकदा फरसबंदी झाली की ती कुणी उखडत नाही.