कासला जंगल का होत नाही?

"सर, कासला एवढा पाऊस पडतो, मग झाडं का नाहीत?" कराडच्या वर्गात हे दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

पुस्तकातला धडा सरळ आहे. उघड्या खडकावर आधी दगडफूल येतं, मग शेवाळ, गवत, झुडपं आणि शेवटी जंगल. अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 साली हा अनुक्रम मांडला आणि आम्ही तो परीक्षेसाठी घोकला. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं कास मात्र हा धडा अर्ध्यावर सोडून बसलंय.

पठार जांभ्याचं. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि मार्च-एप्रिलात तोच कातळ तव्यासारखा तापतो. झाडाच्या मुळांनी जायचं कुठे? म्हणून इथे चार महिन्यांच्या पाहुण्यांचं राज्य. ओल्या कातळावर गेंद. नत्राचा दुष्काळ, म्हणून सीतेची आसवं चिखलातले सूक्ष्म जीव पकडतात आणि दवबिंदू चिकट पानांवर किडे धरतो. डबक्यांत वायतुरा, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. माती जरा साठली की तेरडा, सोनकी. पठाराच्या कडेला ती खोल होते, तिथे अंजनी आणि जांभूळ. धड्यातले बहुतेक टप्पे एका फेरफटक्यात शेजारी-शेजारी दिसतात. कुणी कुठे राहायचं, ते मातीची खोली ठरवते.

2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी वाढली, तारेचं कुंपण पडलं, गुरं बाहेर राहिली. मग गवत माजलं, बुटक्या फुलांना ऊन मिळेना, असं गावकरीही सांगू लागले आणि अभ्यासकही. पुढे ते कुंपण काढलं गेलं. मला नवल वाटलं नाही. पिढ्यान् पिढ्या चरणारी गुरं त्या पठाराचाच भाग आहेत.

सांगलीच्या पश्चिम टोकाला, चांदोलीत, धडा बऱ्यापैकी पुस्तकाबरहुकूम चालतो. वारणेवर धरण झालं, 1985 मध्ये अभयारण्य आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. आतली गावं खाली हलवली गेली, नाचणी-वरीची शेतं पडीक झाली. अशा पडीक रानात आधी गवत, पाठोपाठ घाणेरी आणि रानमोडी. मग करवंदीच्या जाळ्या. त्यांवर बुलबुल येऊन बसतात, अंजनीसारख्या झाडांचं बी टाकून जातात, आणि काट्यांच्या आडोशाला रोप वाढतं. वणवा सोसणारा कुंभा आधीच उभा असतो. जुनं गावठाण आता आंब्या-फणसांवरून ओळखायचं. पण 2010 पासून चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघाला गवा-सांबर हवेत आणि त्यांना चरायला कुरणं. ती झुडपांनी भरून गेली तर अडचण, म्हणून राखावी लागतात.

त्याच चांदोलीत झोळंबीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे. पाऊस तोच, भोवती जंगल तेच, पण खाली जांभा; वर पुन्हा गवत आणि फुलंच.

असा सडा म्हणजे ओसाड माळ, असं समजून कुणी पावसाळ्यात वृक्षारोपणाला निघालं की माझा तोल जातो. पहारीने कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची, रोपासोबत फोटो काढायचा. रोप बहुधा उन्हाळ्यात वाळतं. जगलंच, तर सावली धरतं, आणि दवबिंदूला तर उघडं ऊन लागतं.