नवी किडनी आणि गाऊटची गोळी

किडनी बदललेल्या माणसाच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येऊ लागलं, तर टूथपेस्ट बदलण्याआधी रक्त तपासावं. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांपैकी अ‍ॅझाथायोप्रिन (१९६० च्या दशकापासूनचं जुनं औषध) आणि मायकोफेनोलेट पेशींच्या वाढीला लगाम घालतात. त्यात अस्थिमज्जाही सापडते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. एरवी त्या दर मायक्रोलिटर रक्तात १.५ ते ४.५ लाख असतात.

खरी गोम गाऊटच्या गोळीत आहे. किडनी टिकवण्यासाठीच्याच सायक्लोस्पोरिन या औषधाने युरिक अ‍ॅसिड वाढतं, पायाचा अंगठा सुजतो आणि जुनी फाइल न बघताच कुणीतरी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून देतं. अ‍ॅझाथायोप्रिनचा निचरा करणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम नेमकं हीच गोळी बंद पाडते. मग रोजचाच डोस अस्थिमज्जेला विषारी ठरतो. दोन्ही द्यावीच लागली, तर अ‍ॅझाथायोप्रिन साधारण पाव ते एक तृतीयांशावर आणतात.

स्टिरॉइड चालू असताना मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी तर दोन्हीकडून मारते: जठरात व्रण आणि नव्या किडनीवर ताण. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. किडनी टिकवणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत. तसं केल्यास किडनीच गमावण्याची वेळ येते.