वासुदेव गायतोंडे : अमूर्त चित्रातील थरांची प्रक्रिया

आधुनिक भारतीय चित्रकलेतील अमूर्ततेचा विचार वासुदेव संतू गायतोंडे (१९२४-२००१) यांच्यावाचून पुढे सरकत नाही. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, म्हणून वऱ्हाडाला ते सर्वस्वी परके नव्हेत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. आरंभीच्या चित्रांवर पाउल क्ले यांचा प्रभाव जाणवतो. पुढे मानवाकृती हळूहळू विरत गेल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तर १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. हा केवळ शब्दभेद नाही. अमूर्तीकरणात मुळात एखादी वस्तू गृहीत असते व ती गाळली जाते. गायतोंडे यांच्या चित्रात गाळण्याजोगी वस्तूच नसते. मग उरते काय? रंगद्रव्य, प्रकाश आणि काळ.

त्यांची कार्यपद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ते कुंचल्याऐवजी मुख्यतः रोलर आणि रंगपट्टीची सुरी वापरीत. तैलरंगाचा थर पसरायचा, तो काही ठिकाणी खरवडायचा, फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवायचा किंवा टिपून घ्यायचा, पुन्हा वर पातळ थर द्यायचा. खालचा थर वरच्यातून झिरपतो, आणि म्हणूनच प्रकाश बाहेरून पडल्यासारखा न वाटता आतून येतो असे भासते. 'रंग कसेही फासले की अमूर्त चित्र होते' हा समज येथे टिकत नाही. योगायोगाला वाव होता. परंतु काय ठेवायचे व काय पुसायचे याचा निर्णय दीर्घ निरीक्षणानंतरच होई. झेन विचारांची ओढ असलेल्या या चित्रकाराची वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत.

१९८४ मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवरील काम काही वर्षे थांबले. त्या काळात कागदावर शाईची रेखाटने झाली. २०१३ च्या मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्रास २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. चर्चा मात्र चित्राहून किमतीचीच अधिक झाली.

वर्गात ही चित्रे शिकविताना एक अडचण येते. छापील प्रतिकृतीत थर सपाट होतात व उरतो तो केवळ रंग. मूळ चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत.