‘पास’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजी ‘पास’ आता आपल्या घरचाच झाला आहे. पोलादपूरच्या एस.टी. स्थानकात मुले पास काढतात, परीक्षेत पास होतात. डोंगरातल्या खिंडीलाही इंग्रज ‘पास’च म्हणतो. (कुळवाची पास मात्र अस्सल आपली, बरे का!)

ग्रामपंचायतीत ठराव ‘पास’ होतो, त्या पासाचा अनुभव महाडने घेतला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली पास झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्यासाठी तसाच ठराव पास केला. कागद पास, ओंजळ कोरडीच! २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्यामागून हजारो जण ते पाणी प्यायले. त्याच ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. हायकोर्टात हा हक्क टिकला, तेव्हा १९३७ साल उजाडले होते.