रुईतली लिंट, प्रोग्रॅममधली लिंट

दिवाळी उलटली की अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. घेणारा वरवरचा कापूस बघतच नाही. थेट ढिगात हात खुपसतो, आतून मूठभर काढतो आणि म्हणतो, "काऊन भाऊ, पत्ती लय दिसते!" पत्ती म्हणजे वाळलेल्या पानांचा चुरा. झालं, भाव खाली!

जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. तिची १७० किलोची गाठ बांधतात. या गाठीत कितीतरी शेतांचा कापूस एक झालेला असतो. समजा, एकाच पोत्यातून प्लास्टिकच्या सुतळीचा तुकडा आला. यंत्रात त्याचे बारीक तंतू होतात, सुतात शिरतात, आणि कापड रंगवलं की ते तेवढे कोरे राहतात! तुकडा कुणाच्या शेतातला, हे आता कोण सांगणार? म्हणून वेचणाऱ्या बायांना डोक्याला रुमाल बांधा, कापूस सुती कापडातच भरा, असं सांगतात.

दोस्तांनो, सरकीपासून सुटलेल्या रुईला इंग्रजीत 'लिंट' म्हणतात. पण कपड्याला चिकटणाऱ्या नकोशा तुसालाही लिंटच! अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास 'सी' भाषेतले प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला हेच नाव दिलं. आपल्या वऱ्हाडात जी लिंट जपायची, ती त्यांच्याकडे झटकून टाकायची. गंमतच आहे!

कंपायलर असताना हा आणखी कशाला? तर कंपायलरला घाई असते. प्रोग्रॅम चालण्याजोगा दिसला की तो पुढे जातो. लिंट मात्र सगळ्या फायली सावकाश चाळतो. एखाद्या चलाला नाव दिलं, पण ते कुठे वापरलंच नाही. 'सारखे आहेत का' हे विचारायला बरोबरची दोन चिन्हं हवीत, तिथे एकच पडलं. मग तुलना होतच नाही, उलट जुनी किंमत पुसली जाते! प्रोग्रॅम चालतो, उत्तर मात्र चुकतं.

एकट्याचा प्रोग्रॅम असेल तर निभतं. पण पन्नास जणांनी वर्षानुवर्षं लिहिलेला सामायिक सांगाडा असेल, तर तो कापसाची गाठच समजा. त्यावर लिंट पहिल्यांदा चालवला की हजारो इशारे पडद्यावर येतात. मग नवशिका उत्साही गडी एका रात्रीत सगळं दुरुस्त करतो आणि सकाळी काहीच चालत नाही! शहाणी पद्धत अशी : आधी नवा कचरा आत येऊ द्यायचा नाही. मग एका वेळी एकच नियम घ्यायचा, तेवढंच झाडायचं, चाचण्या चालवून बघायच्या, आणि मगच पुढचा नियम. काही इशारे खोटेही असतात, ते माणसानं वाचूनच सोडायचे.

आणि लिंटला दिसत नाही असंही पुष्कळ असतं बरं का! कापसाचा क्विंटलचा भाव कुणी चुकून किलोला लावला, तर तो गप्प राहतो. व्याकरण बिनचूक, आकडा आकड्याच्या जागी, आणि शेतकऱ्याच्या नावावर शंभरपट रक्कम!